शहापूरची रानभाजी टोपली : एका पावसाळी सेवेचे परीक्षण

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातला एक महिला बचत गट पावसाळ्यात शहरातल्या घरांना रानभाज्यांची टोपली पोचवतो. गेल्या हंगामात ही टोपली आमच्याकडे येत होती आणि तिच्याविषयी बरे-वाईट दोन्ही बोलता येईल इतका अनुभव आता गाठीशी आहे. गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जेवढ्या घरांना भाजी पुरवणे जमते तेवढी घरे आधीच भरलेली आहेत आणि नव्या लोकांचे फोन नेमके भाजी निवडायच्या वेळी येतात, तेव्हा नाव कुठे छापू नका, असे गटातल्या बायकांनीच सांगितले. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण रानभाजी घरपोच देणाऱ्या सेवा आणि ऑगस्टच्या आसपास ठिकठिकाणी भरणारे रानभाजी महोत्सव यांतून शहरी घरांचा या भाज्यांशी पुन्हा संबंध येऊ लागला आहे, आणि असा माल कोणत्या कसोटीवर घ्यावा याविषयी ग्राहक बहुधा गोंधळलेला असतो.

माझी कसोटी आधीच सांगते. रानभाजीच्या व्यवहारात पाला हा अर्धाच माल असतो. उरलेला अर्धा म्हणजे तो पाला कोणत्या आठवड्यात तोडायचा, त्यातले काय टाकून द्यायचे, पाणी काढायचे की नाही आणि कशाच्या जोडीने शिजवायचे याची माहिती. मेथीची जुडी घेताना ही माहिती विकत घ्यावी लागत नाही, कारण ती आपल्या घरात आहे. शेवळासारख्या रानभाजीच्या बाबतीत ती ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली घरांत आहे, आगरी आणि कोळी घरांत आहे, काही चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांतही आहे. बाकीच्यांनी ती मागून घ्यायची आहे. ही टोपली मी मुख्यतः त्या दुसऱ्या अर्ध्यावरून जोखली.

व्यवहाराची पद्धत सोपी आहे. बुधवारी संध्याकाळी गटाकडून व्हॉट्सॲपवर संदेश येतो, त्यात त्या आठवड्यात रानात काय मिळते आहे ते लिहिलेले असते आणि ज्यांना नको असेल त्यांनी तेवढे कळवायचे असते. शनिवारी पहाटे भाजी आसनगावहून लोकलने निघते आणि सकाळीच आमच्या गृहसंकुलाच्या फाटकाशी येऊन पडते. एका टोपलीत दोन-तीन पालेभाज्या आणि एखादे फळ, फूल किंवा कोंब असतो. पोच धरून तिचे ३५० रुपये होतात. चार माणसांच्या घराला दोन जेवणांपुरती भाजी होते. पाले सागाच्या पानांत बांधून येतात, आणि ही बांधणी नुसती दिसायला गावरान म्हणून केलेली नाही, कारण ज्या शनिवारी पाने पुरेशी न मिळाल्याने काही भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत आली त्या दिवशी कुर्डू दुपारपर्यंत चिकट झाला होता आणि पानातली फोडशी मात्र दुसऱ्या दिवशीही ताजी होती.

हंगामाची सुरुवात शेवळांनी झाली आणि माझ्या मते गटाची खरी परीक्षाही तिथेच झाली. शेवळे वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येतात. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती आधी फुलाचा दांडा काढते आणि मागाहून पान, त्यामुळे बाजारात जांभळट, टोकाला निमुळते दिसणारे जे कोंब येतात ते फुलोऱ्याचे असतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि नीट न शिजवलेली शेवळे खाल्ली तर जीभ आणि घसा असा खवखवतो की पुन्हा त्या भाजीचे नाव काढवत नाही. यावरचा पारंपरिक तोडगा दुहेरी आहे. वरचे आवरण सोलून आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळसर, दाणेदार भाग आधी काढून टाकायचा, आणि मग बारीक चिरलेली शेवळे तेलावर परतून त्यांत काकडाच्या फळांचा आंबट रस घालायचा. काकड हा त्याच रानातला मोठा वृक्ष आहे. त्याची हिरवी, आवळ्यापेक्षा लहान फळे शेवळांच्याच दिवसांत हाताशी येतात. अळूत आणि सुरणात आपण चिंच किंवा आमसूल घालतो त्यामागचे कारण हेच आहे.

आता मुद्दा असा, की शेवळे विकणारे पुष्कळ असतात, परंतु काकडे बरोबर देणारे थोडे. या टोपलीत शेवळांच्या जुडीशेजारी काकडांची मूठभर पुडी होती आणि सोबतच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिले होते की काकडे संपली असतील तर शेवळे शिजवू नका, आम्हाला फोन करा. मी फोन केला, तो काकडे किती घालायची हे विचारण्यासाठी. गटातल्या वयस्कर बाईंनी, ज्यांना सगळे आजी म्हणतात, प्रमाण सांगण्याऐवजी उलट मलाच विचारले, "किती शेवळं हायेत? आतलं पिवळं काढलं का? मग काकडं सगळीच घाला, उरवू नका. आणि शिजल्यावर आधी जिभेच्या शेंड्याला लावून बघा, ताई." ही शेवटची सूचना मला कोणत्याही पाककृतीत सापडली नव्हती. आम्ही ती पाळली. भाजीत सोडे (सुकी कोळंबी) घातले होते; खाज अजिबात लागली नाही आणि चवीविषयी एवढेच लिहिते की घरातल्या ज्यांनी नाके मुरडली होती त्यांनीच पातेले पुसले. पुडीत काकडे थोडी कमी होती, ती आणखी चार-सहा असायला हवी होती, हा दोष नोंदवून ठेवते.

पुढच्या आठवड्यांत टाकळा, कुर्डू, फोडशी आणि भारंगी आली. कुर्डूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो सौम्य, कोणालाही आवडेल असा पाला आहे आणि रानभाज्यांची सुरुवात ज्यांना करायची आहे त्यांनी त्याच्यापासून करावी. टाकळा मात्र कोवळा असेपर्यंतच खाण्याजोगा असतो. फुलावर आल्यावर तो उग्र आणि चरबट होतो, आणि बाजारात जुलैच्या अखेरीला जो टाकळा विकतात तो बहुतेक या अवस्थेतला असतो. गटाने तो पहिल्या काही आठवड्यांतच दिला आणि नंतर मागणी असूनही बंद केला. बुधवारच्या संदेशात "टाकळा आता निबर, देणार नाही" एवढेच वाक्य होते. विक्रेत्याने स्वतःहून माल नाकारावा, हे मला या सेवेतले सर्वांत विश्वासार्ह लक्षण वाटले.

फोडशीची गोष्ट वेगळी आहे. गवतासारखी लांब पाती असलेली ही भाजी, जिला कुणी कुलूची भाजीही म्हणतात, सफेद मुसळीच्या कुळातली आहे. बोरिवलीच्या नावावरून जिचे शास्त्रीय नाव पडले ती मुसळी याच गटातली, आणि तिच्या मुळांना औषधी बाजारात मोठा भाव आल्यापासून ती अनेक रानांतून उपटली गेली. भाजीसाठी मुळांची गरजच नसते. गटाकडून आलेल्या फोडशीच्या जुड्या विळ्याने वरच्या वर कापलेल्या होत्या, एकाही जुडीला गड्डा नव्हता. ज्या जुडीला पांढरी मुळे लोंबत असतात ती घेऊ नये, कारण ती भाजी पुढच्या वर्षी त्या जागी उगवणार नाही. साफ करण्याची कटकट मात्र आहे. पातीच्या बुडाशी माती अडकलेली असते आणि मधली पांढरी, कडक शीर काढावी लागते. चिठ्ठीत "स्वच्छ धुवून घ्या" असे मोघम लिहिले होते, आणि त्या एका आठवड्यात आमच्याच इमारतीतल्या किमान दोन घरांत कचकचणारी भाजी कचऱ्यात गेली. पाती सुटी करून, बूड वर धरून, वाहत्या पाण्याखाली धुवायची असतात, असे चिठ्ठीत लिहिले असते तर ते टळले असते.

भारंगीचा पाला कडू असतो. तो मिठाच्या पाण्यात उकडून, घट्ट पिळून, मग भिजवलेली हरभरा डाळ आणि भरपूर कांदा घालून परततात. ऑगस्टमध्ये तिची निळसर फुले आली, तीही अशीच. करटोलीविषयी सांगायला हवे ते असे, की तिच्या वेलात नर आणि मादी वेगळे असतात आणि वेल जमिनीतल्या कंदातून दरवर्षी नव्याने फुटतो, म्हणून फळ तोडण्याने काही बिघडत नाही, वेल ओढण्याने बिघडते. शहरातल्या मोठ्या दुकानांत आता तीच करटोली कंटोली या नावाने, पातळ वेष्टनात, बरीच महाग मिळतात आणि त्यांतली कित्येक जून, आत लाल बिया झालेली असतात. टोपलीतली कोवळी होती. चाई या रानवेलीचा मोहर एकदाच आला, फार थोडा आला आणि बहुधा म्हणूनच घरात सर्वांना आवडला.

टोपलीत काय येते याइतकेच काय येत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. हंगामभर कडूकंद आला नाही. हा कंद शहापूर-मुरबाड भागात खाल्ला जातो, परंतु त्यापूर्वी त्याच्या पातळ चकत्या राखेबरोबर उकडून वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात आणि ते कडवट विष पुरेसे निघाले आहे की नाही हे अनुभवी जिभेलाच कळते. "हे तुमच्या नळाखाली होणार नाही," असे आजींनी सांगितले आणि विषय संपवला. अळंबीसुद्धा गटातल्या बायका शहरात पाठवत नाहीत. वारुळावर येणारी ती अळंबी त्या स्वतः घरी आवडीने खातात, पण ती उपटल्यानंतर काही तासांत काळवंडते आणि एकदा काळवंडली की ओळखणाऱ्यालाही ओळखता येत नाही. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आले ते किसून, भिजवून, पाणी बदलून आणि एकदा उकडून आले. कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात आणि ती भिजवण्या-उकळण्याने जातात. ही सगळी मेहनत गटाने गावातच करून पाठवली. त्यामुळे त्या आठवड्याची टोपली पन्नास रुपयांनी महाग झाली, त्याबद्दल आमच्या व्हॉट्सॲप गटात झालेली कुरकुर मला अत्यंत अनाठायी वाटली.

रानातली चूक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण टाकळ्याच्याच कुळात आहे. कासविंदा, ज्याला काही ठिकाणी रानटाकळा म्हणतात, तो टाकळ्याच्या शेजारीच रस्त्याकडेला उगवतो. टाकळ्याची पर्णिका टोकाला गोलसर असते आणि कासविंद्याची टोकदार. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलांना अनेक वर्षे एक गूढ आजार होत असे, त्यात यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम बिघडून मुले दगावत. शेवटी डॉक्टरांच्या लक्षात आले की ती मुले खेळताना कासविंद्याच्या बिया खात होती. कळलावीचेही तसेच. श्रावणात तिची लाल-पिवळी फुले कुंपणाकुंपणावर दिसतात आणि तिचा कंद जीवघेणा असतो. गटाने टोपलीबरोबर एकदा टाकळा आणि कासविंदा यांची एकेक फांदी वेगवेगळी बांधून, दुसरीवर "हे खायचे नाही" असा कागद लावून पाठवली होती. मुलांना ती समोरासमोर ठेवून दाखवली. अशी फांदी प्रत्येक हंगामात एकदा पाठवलीच पाहिजे, ही माझी शिफारस आहे.

इथपर्यंत स्तुती झाली. आता माझी मुख्य तक्रार, आणि ती गंभीर आहे. जुलैच्या मध्यापासून चिठ्ठी बदलली. आधीची चिठ्ठी हाताने लिहून झेरॉक्स केलेली होती आणि तिच्यात भाजी कशी साफ करायची, कशी शिजवायची एवढेच असे. नवी चिठ्ठी रंगीत, छापील होती आणि तिच्या मागच्या बाजूला "औषधी गुणधर्म" या मथळ्याखाली प्रत्येक भाजीपुढे रोगांची नावे होती. मधुमेह, सांधेदुखी, मूतखडा, रक्तदाब आणि एका ठिकाणी चक्क कर्करोग. चौकशी केल्यावर कळले की शहरातल्या कुणा हितचिंतकाने हा मजकूर इंटरनेटवरून जमवून गटाला भेट म्हणून छापून दिला होता. आजींना विचारले की करटोलीने मधुमेह जातो का, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जात असता तर आमच्या गावात कुणाला झाला नसता."

या उत्तरातला संयम त्या छापील मजकुरात कुठेच नव्हता. वनस्पती जाणणाऱ्या माणसांच्या बोलण्यात भाजी आणि औषध यांची सरमिसळ फार कमी असते, असे माझे निरीक्षण आहे. भारंगीचा पाला भाजीसाठी उकडून त्याचे पाणी फेकून देतात. खोकल्यासाठी आणि दम्यासाठी वापरतात ते तिचे मूळ, आणि ते देणारा वैदू निराळा, त्याचे प्रमाण निराळे, पथ्य निराळे. कुड्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते, पण जुलाब आणि आव यांवर चालते ती कुड्याची साल, जिच्यापासून आयुर्वेदात कुटजारिष्ट करतात. टाकळ्याचे बी नायट्यावर लावतात, म्हणून टाकळ्याची भाजी खाल्ल्याने नायटा बरा होतो असे गावात कुणी म्हणत नाही. वनस्पती, तिचा भाग, तो काढण्याचा काळ, त्याची मात्रा आणि घेणारा माणूस या पाच गोष्टी जुळल्या तरच ते औषध. छापील चिठ्ठीने त्यांतली पहिली तेवढी ठेवली आणि बाकीच्या चार गाळल्या.

याचे परिणाम काल्पनिक नाहीत. कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर गुळवेलीचे काढे प्यायले गेले, आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते. तो वाद कुणाच्या बाजूने सोडवावा हे या परीक्षणाचे काम नाही. पण दोन्ही बाजूंनी पाहिले तरी ग्राहकाला एकच गोष्ट कळते : वेल कुणी ओळखला, कुणी तोडला आणि किती दिवस घ्यायला सांगितला हे माहीत नसताना केवळ नावावर विसंबून काढा पिऊ नये. ज्या गटाला हे अंतर इतके स्पष्ट कळते, त्याच्याच टोपलीतून असा मजकूर घरात यावा, याचे वाईट वाटले. मी तसे कळवले. दोन आठवड्यांनी पुन्हा हाताने लिहिलेली चिठ्ठी आली. छापील चिठ्ठ्यांचे उरलेले गठ्ठे चुलीला लागले असावेत.

दुसरी तक्रार पैशाची आहे आणि ती गटाच्या विरुद्ध नसून त्यांच्या बाजूने आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या स्थानकांबाहेर पहाटेच्या गाडीने येणाऱ्या बायका शेवळे, फोडशी, करटोली यांचे वाटे लावून बसतात. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याची आपल्याला सवय आहे. टोपलीच्या सेवेत घासाघीस नाही, दर आधीच ठरलेला असतो आणि तोडणाऱ्या बाईला तिच्या वाट्याप्रमाणे पैसे त्याच दिवशी दिले जातात, असे गटाने विचारल्यावर सांगितले. हे चांगलेच आहे, पण ते टोपलीवर लिहिलेले असायला हवे, म्हणजे ३५० रुपयांपैकी तोडणीला किती, साफसफाईला किती, वाहतुकीला किती गेले हे घेणाऱ्याला दिसेल. शिवाय फोनवरचा सल्ला पूर्णपणे फुकट आहे. आजींचा अर्धा शनिवार शहरातल्या लोकांना काकडे किती घालायची हे सांगण्यात जातो. आपल्याकडे आहारतज्ज्ञाच्या अर्ध्या तासाला पाचशे रुपये सहज मोजणारी माणसे या सल्ल्याला सल्ला मानत नाहीत, आणि गटानेही अजून तो मानलेला नाही. टोपलीमागे वीस-पंचवीस रुपये "माहितीचे" म्हणून वेगळे धरावेत, हे मी त्यांना सुचवले आहे.

या सूचनेला कायद्याच्या चौकटीतही आधार शोधता येतो. वन हक्क कायदा, २००६ याने जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातल्या इतर वनस्पतिजन्य मालावर, हक्क दिला आहे, आणि त्या व्याख्येत औषधी वनस्पती, कंदमुळे वगैरे येतात. जैविक विविधता कायदा, २००२ याच्या अंतर्गत गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या असायच्या असतात, आणि स्थानिक ज्ञानाच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभात वाटा देण्याचे तत्त्वही त्यात आहे. कागदावर हे सर्व नीट आहे. प्रत्यक्षात एखादी नोंदवही भाजीचे नाव आणि उपयोग लिहून घेते, आणि ज्या बाईने ते सांगितले तिच्या हातात त्यातून काही पडते आहे का, हा प्रश्न तसाच राहतो. ही टोपली त्या दृष्टीने एक लहानसा, पण रोकड उत्तर देणारा प्रयोग आहे.

पुरवठ्याला मर्यादा घालण्याचा गटाचा निर्णय मला सर्वांत दूरदर्शी वाटतो. टाकळा आणि कुर्डू ही बांधावरची तणे आहेत. ती कितीही तोडली तरी संपत नाहीत, आणि जिथे संपत आली आहेत तिथे ती तणनाशकाच्या फवाऱ्याने संपली आहेत. शेवळांचे तसे नाही. जो कोंब आपण खातो तो फुलोरा असल्यामुळे प्रत्येक जुडीमागे त्या वर्षीचे बी कमी होते, आणि सगळी शेवळे काढली तर कंद म्हातारा होईपर्यंत तेवढी तग धरेल, पण नवी रोपे येणार नाहीत. म्हणून गट एका जागेतली सगळी शेवळे उचलत नाही आणि शेवळे मिळण्याचे आठवडे संपले की थांबतो. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचे काय झाले, हे ज्यांना आठवते त्यांना ही काळजी अवाजवी वाटणार नाही. कर्करोगावरील औषधाचे द्रव्य त्यात सापडले आणि काही वर्षांत कितीतरी जागी ती झाडे बुडापासून तोडली गेली. शहापूर हा भातसा आणि तानसा धरणांचा तालुका. मुंबईचे पाणी येथूनच जाते आणि समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला. शहराला येथून आणखी एक वस्तू अमर्याद हवी आहे असा निरोप जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या त्या शनिवारी टोपली आली नाही. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या वेळी भाजी जास्त आली, आणि ही तडजोड मला मान्य आहे, पण ती हंगामाच्या सुरुवातीलाच सांगायला हवी होती. टोपली परत करायची असते आणि ती हरवली तर ऐंशी रुपये कापतात. हेही आधी सांगितलेले नव्हते. ज्या घरात सकाळी दीड तास भाजी निवडायला माणूस नाही, त्या घराने ही सेवा घेऊ नये. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी शेवळे, अळू आणि घोळ यांसारख्या ऑक्झलेटयुक्त भाज्यांविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, आणि गटानेही ही एक सूचना चिठ्ठीत कायम ठेवावी.

गुण द्यायचे तर भाजीच्या ताजेपणाला दहापैकी आठ, निवडीला नऊ, शिजवण्याच्या माहितीला नऊ, त्या छापील चिठ्ठीच्या काळापुरते शून्य आणि व्यवहाराच्या स्पष्टतेला सहा. पुढच्या हंगामासाठी जुन्या घरांची नोंदणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि कुणी गळाले तरच नवे घर घेतले जाते. ज्यांना जागा मिळणार नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही; जूनमध्ये सकाळी साडेसातच्या आत कल्याण किंवा ठाणे स्थानकाबाहेर गेले तर बहुतेक याच भाज्या वाट्यांत मिळतात. घासाघीस न करता दोन वाटे घ्यावेत आणि गाडीची घाई नसेल अशा वेळी मावशींना तीन गोष्टी विचाराव्यात : यातले काय टाकायचे, पाणी काढायचे का, आणि कशाबरोबर शिजवायचे. शेवळे घेतली आणि काकडे त्यांच्याकडे नसली, तर ती कोणाकडे आहेत हेही त्याच सांगतात, कारण काकडे विकणारी बाई बहुधा त्यांच्या शेजारीच बसलेली असते.